अर्धा सेकंद

चाचांचा उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवलेला होता. खेळाडूच्या हातून चेंडू सुटला की अंगठा किंचित वर यायचा आणि तिथेच थांबायचा. चेंडू रिंगवर आपटून उडाला आणि समोरच्या संघाने पकडला, की अंगठा खाली. ओठांतल्या ओठांत एकच शब्द, “चोवीस”. मारणाऱ्याच्याच संघाने तो पुन्हा मिळवला, तर अंगठ्याऐवजी तर्जनी खाली आणि “चौदा”. रिंगला न लागता चेंडू नुसताच खाली आला, तर दोन्ही बोटं जागच्या जागी.

२५ मे २०२५, रविवारची रात्र. अबू धाबीच्या यास बेटावरचं एतिहाद अरेना. बास्केटबॉलच्या युरोलीगचा अंतिम सामना, इस्तंबूलचा फेनरबाहचे विरुद्ध मोनाको. आदल्याच दिवशी याच अमिरातीतल्या स्वेहानला पारा ५१.६ अंशांवर गेला होता, आणि आत मात्र अंगावर शाल घ्यावी असा गारवा. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास सगळीकडे भरलेला, आणि त्यातून मधूनच येणारा एक ओळखीचा वास: आयोडेक्सचा. चाचांच्या अंगठ्याचं मूळ गेली काही वर्षं दुखतं. डबी त्यांच्या खिशातच असते.

मी पुण्याहून आले होते ती या सामन्यासाठी, पण चषकासाठी नाही. मला टेबल बघायचं होतं.

बास्केटबॉलच्या मैदानाच्या लांब कडेला, मधोमध, एक टेबल असतं. त्यावर गुण लिहिणारा, त्याचा मदतनीस, सामन्याचं घड्याळ चालवणारा आणि शॉट क्लॉक चालवणारा अशी माणसं बसतात. आपल्याकडे त्याला नुसतं ‘टेबलवर बसणं’ म्हणतात. चाचा मुंबईत चाळीस वर्षं टेबलवर बसले. मूळचे रत्नागिरीकडचे, वाढले नागपाड्यात, नोकरी गोदीत. संध्याकाळ मात्र कायम कोर्टावर. नागपाडा नेबरहूड हाऊस आणि मस्तान वाय.एम.सी.ए.च्या आसपासच्या त्या दाटीवाटीच्या गल्ल्यांनी देशाला किती खेळाडू दिले, हे बास्केटबॉल जवळून पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्याच गल्ल्यांनी टेबलवर बसणारी माणसंही दिली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आता चाचा मुलाकडे दुबईत असतात आणि शुक्रवार-शनिवारी हौशी संघांच्या सामन्यांना टेबल सांभाळतात. त्यांनीच फोन केला. “बेटा, युरोपची फायनल यंदा आमच्या दारात आलीय. त्यांचं टेबल कसं चालतं बघायचंय मला. तू ये.”

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, टेबलाच्या बरोब्बर समोर. दुर्बीण आणली होती, पण टेबलाच्या पुढे जाहिरातींचा उजळलेला पट्टा आडवा. त्यामागे दिसायची ती फक्त डोकी. शॉट क्लॉकचं बटण दाबणारा हात मला शेवटपर्यंत दिसला नाही. म्हणून मी चाचांचा हात बघत राहिले, आणि तिथून नजर उचलून बोर्डावरच्या आकड्याकडे. दोन्ही जुळले की चाचा हुंकार द्यायचे.

चेंडू ताब्यात आला की संघाने तो चोवीस सेकंदांत बास्केटकडे मारायचा, शॉट क्लॉक मोजतं ते हेच. ही अट आली कुठून, तेही सांगायला हवं. २२ नोव्हेंबर १९५० ला अमेरिकेत फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांच्यात एक सामना झाला. त्याचा निकाल १९-१८. पाहुण्या संघाने चेंडू नुसता हातात धरून ठेवला, लोक कंटाळून गेले. अशा सामन्यांवर उपाय हवा होता. सिराक्यूजच्या संघाचा मालक डॅनी बियासोन याचा बोलिंगचा धंदा होता. त्याच्या गोटातून १९५४ मध्ये साधा भागाकार पुढे आला: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, भागिले १२०, उत्तर २४. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५६ मध्ये ही मुदत ३० सेकंदांची केली आणि २००० साली तिथेही २४ आले. ‘चौदा’ नंतरचे. हल्लेखोर संघाने आपलाच रिबाउंड पकडला तर पुन्हा पूर्ण २४ देणं जास्त होतं, म्हणून २०१४ पासून त्यांना १४.

कागदावर हे सोपं वाटतं. खुर्चीत बसल्यावर नाही. प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूला नुसता लागला तर घड्याळ चालूच राहतं. चेंडू त्याच्या ताब्यात आला तरच ते नव्याने सुरू होतं. लागणं आणि ताब्यात येणं यातला फरक डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात ठरवायचा. त्याने चेंडू बाहेर ढकलला तर उरलेले सेकंद तसेच पुढे. बचाव करणाऱ्याने पायाने अडवला आणि १३ किंवा त्याहून कमी उरले असतील, तर १४. मागच्या अर्ध्यातून चेंडू आठ सेकंदांत पुढे न्यावा लागतो, आणि ते आठ सेकंद पंच मोजतात ते याच आकड्यावरून. चोवीसचे सोळा झाले आणि चेंडू अजून मागेच, की शिट्टी. म्हणजे बटण उशिरा सुटलं, तर शिट्टीही उशिरा.

“शिकवताना मी एकच सांगतो,” चाचा म्हणाले. “अर्धा सेकंद थांब. चेंडू सुंदर दिसतो, त्याच्या मागे जाऊ नको. नजर रिंग पे. लागला की नाही, मग कुणाच्या हातात गेला. अर्धा सेकंद. मग दाब.”

हे वाक्य मी पहिल्यांदा २००३ मध्ये ऐकलं होतं, पण मी मानलं नव्हतं.

मुंबईतल्या महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धेची अंतिम फेरी. सिमेंटचं कोर्ट, दोन टोकांना जमिनीवर ठेवलेले लाल आकड्यांचे डबे, टेबलवर चाचा स्कोअरशीट लिहायला आणि मी शॉट क्लॉकवर. शेवटचं मिनिट चालू होतं. एका गुणाने मागे असलेल्या संघाकडे चेंडू, शॉट क्लॉकमध्ये तीन सेकंद. त्यांच्या मुलीने घाईने चेंडू मारला. तो रिंगच्या खालून, कशालाही न शिवता गेला आणि तिच्याच मैत्रिणीच्या हातात पडला. घड्याळ चालू राहायला हवं होतं. दोन, एक, भोंगा, आणि चेंडू दुसऱ्या संघाला. पण माझ्या बोटाने चेंडूबरोबर उडी मारली होती. डब्यांवर पुन्हा २४ उजळले. त्या मुली स्थिरावल्या, चेंडू फिरवला आणि बास्केट केली. दुसरा संघ एका गुणाने हरला.

त्यांचा प्रशिक्षक ओरडत टेबलाशी आला. पंचांचं लक्ष बास्केटखालच्या धक्काबुक्कीवर होतं, त्यांनी निकाल बदलला नाही. हरलेल्या संघाची एक मुलगी कडेच्या नळाशी गेली आणि बराच वेळ ओंजळीने पाणी पीत राहिली. तिच्या पाठीवर ९ आकडा होता. ती माझ्याकडे एकदाही वळली नाही. बावीस वर्षं झाली, कुठेही एअरबॉल दिसला की मला आधी तो नळ आठवतो.

पुढच्या आठवड्यात चाचांनी मला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. एक अक्षर बोलले नाहीत.

मोठ्या सामन्यांच्या टेबलांवरही हे घडलं आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला अंतिम सामना सगळ्यांना माहीत असतो: शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला, अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं कधीच स्वीकारली नाहीत. पण मला याहून जवळचा वाटतो तो युरोपातल्या क्लबांचाच अंतिम सामना, पॅरिस, एप्रिल १९९६. अथेन्सचा पानाथिनाइकोस एका गुणाने पुढे, बार्सिलोनाने चेंडू हिसकावला, मोंतेरो एकटा बास्केटकडे धावला. मागून आलेल्या व्रान्कोविचने तो चेंडू उडवला, बोर्डाला लागल्यानंतर. शिट्टी वाजली नाही. ६७-६६. युरोपचं विजेतेपद पहिल्यांदा ग्रीसमध्ये गेलं. बार्सिलोनाचे लोक आजही त्या अडवण्याबद्दल बोलतात. पण चित्रफीत नीट पाहिली तर त्या धावपळीत घड्याळाचा आकडा गोठलेला दिसतो. मैदानावर सगळे पळताहेत आणि सेकंद उभे आहेत. मी ती फीत किती वेळा पाहिली असेन, सांगता येणार नाही. दर वेळी मला खेळाडू दिसत नाहीत, टेबलामागचा तो माणूस दिसत राहतो, जो त्या चित्रात कुठेच नाही.

आता बऱ्याच मोठ्या लीगमध्ये सामन्याचं घड्याळ पंचांच्या शिट्टीला जोडलेलं असतं. शिट्टी वाजली की यंत्रच ते थांबवतं. पंचांना पडद्यावर पुन्हा पाहण्याची मुभा असते. हे चांगलंच झालं, नळाशी उभं राहावं लागणाऱ्या मुली कमी होतील. तरी चेंडू रिंगला शिवला की नाही आणि तो खरोखर कुणाच्या ताब्यात गेला, हे अजून माणसाच्या डोळ्यावर आणि बोटावर आहे. मला ते तसंच राहावंसं वाटतं. यंत्र चुकलं तर ते दुरुस्तीला जातं. माणूस चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा खुर्चीवर बसवणारं कुणीतरी लागतं, आणि तशी माणसं या खेळात आहेत.

सामना चिवट होता. दोन्ही संघ एकमेकांना चेंडू सुखाने मारू देत नव्हते. लिमोजने १९९३ मध्ये चषक जिंकल्यानंतर फ्रेंच लीगमधला संघ पहिल्यांदाच इथवर पोहोचला होता. शुक्रवारी ग्रीसचे दोन्ही संघ उपांत्य फेरीत हरले होते. आता आवाज होता तो पिवळ्या-निळ्या इस्तंबूलकरांचा. छाती थरथरेल असा. अशा गदारोळात शॉट क्लॉकचा भोंगाही ऐकू येत नाही. म्हणून बोर्डाच्या कडेचे पिवळे दिवे लागतात. चाचा म्हणाले, “कान बंद झाले की डोळे चांगले चालतात.”

असा बचाव चालला की शॉट क्लॉकवाल्याचं काम वाढतं. चेंडू सतत कुणाच्या तरी बोटांना लागून वळतो. लागणं की ताब्यात येणं, लागणं की ताब्यात येणं. आणि मारणारे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मारतात. तेव्हा आकड्यापुढे दशांश धावू लागतो. दुसऱ्या अर्धात एकदा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला पुसटसा शिवून खाली आला. मला तर तो शिवलाच नाही असं वाटलं. चाचांची दोन्ही बोटं हवेत थांबली. बोर्डावरचा आकडाही तसाच थांबल्यासारखा वाटला. मग हल्लेखोरांच्याच हाती चेंडू गेला, चाचांची तर्जनी खाली आली आणि समोर १४ उमटले.

“थांबला,” चाचा म्हणाले. “बघितलंस? अर्धा सेकंद थांबला.” त्यांच्या आवाजात असा आनंद होता, जणू समोरच्या त्या न दिसणाऱ्या माणसाला त्यांनीच शिकवलं होतं.

चौथ्या क्वार्टरमध्ये फेनरबाहचेने सामना हातातून जाऊ दिला नाही. नायजेल हेज-डेव्हिसने २३ गुण केले, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच. प्रशिक्षक यासिकेविचियस यांनी खेळाडू म्हणून हा चषक चार वेळा उचलला होता, प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदाच. ८१-७०. क्लबचं हे दुसरं विजेतेपद, पहिलं २०१७ चं.

मला मात्र शेवटचे काही सेकंद जास्त आठवतात. सामन्यात उरलेला वेळ एका चालीपेक्षा कमी झाला, की नव्या चालीसाठी शॉट क्लॉकला अर्थ राहत नाही. ते बंद करायचं, आकडा विझवायचा, हा नियमच आहे. बोर्डावरची ती चौकट काळी झाली. पिवळ्या-निळ्या गर्दीतला एकही माणूस तिकडे बघत नव्हता. चाचांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि मांडीवर उताणा ठेवला.

भोंगा, कागदांचा पाऊस, रडणारी मोठी माणसं. टेबलवरची डोकी अजून खाली वाकलेली होती. आकडे जुळवणं, कागद पुरे करणं. मुख्य पंचांची सही होईपर्यंत टेबलचा सामना संपत नाही. चाचांनी डबी काढली. आयोडेक्सचा वास पुन्हा आला.

इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारलं. “चाचा, त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतं का? एअरबॉल?”

ते अंगठा चोळत राहिले.

“पाहिलं होतं,” ते म्हणाले. “पेन खाली ठेवलं. भोंगा माझ्या हाताशी होता, वाजवून पंचांना थांबवता आलं असतं. पण वाटलं, आपली नजर चुकली असेल, लागलाही असेल. अर्धा सेकंद थांबलो. तेवढ्यात पोरीने बास्केट केली.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू रडत होतीस. आणि त्या नऊ नंबरला काय सांगायचं, तेच मला कळत नव्हतं.”

खाली मंच उभारायला माणसं धावत होती. आम्ही टेबल रिकामं होईपर्यंत बसून राहिलो.