टी-शर्टवरचे डोंगर

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, मंडळाच्या लेझीमला हलगी वाजवतो. परवा त्याच्या अंगात काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. विचारलं, "हे काय आहे रे?"

"डोंगर असतील की, अक्का!"

डोंगर नाहीत, बॉस. १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा तो आलेख. 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं कव्हर. बँड 'जॉय डिव्हिजन', गाव मँचेस्टर. कापडगिरण्यांचं, आणि पुढे बंद पडलेल्या गिरण्यांचं. सोलापूरकरांना यापेक्षा जास्त काय सांगायचं?

४ जून १९७६ ला तिथे 'सेक्स पिस्टल्स'चा शो झाला. पब्लिक जेमतेम. त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हूक हे शाळेपासूनचे दोस्त. यांना जमतं तर आपल्याला का नाही, असा साधा हिशेब! दुसऱ्याच दिवशी हूकने बेस गिटार विकत घेतली. वाजवायचं कसं, ते नंतर बघू. गायकासाठी रेकॉर्डच्या दुकानात जाहिरात लावली आणि इयन कर्टिस मिळाला. १९७७ मध्ये ड्रमर स्टीफन मॉरिस आला. आधीचं 'वॉर्सा' हे नाव १९७८ मध्ये बदललं. नवं नाव नाझी छावणीतल्या वेश्यागृहावरून घेतलेलं. मला ते आजही खटकतं.

जानेवारी १९७९ मध्ये कर्टिस 'एनएमई' साप्ताहिकाच्या कव्हरवर झळकला, तोही पहिला अल्बम यायच्या आधी! अल्बम जूनमध्ये आला, 'फॅक्टरी' या छोट्या कंपनीकडून, दहा हजार प्रती. निर्माता मार्टिन हॅनेटने आवाज इतका थंड आणि पोकळ केला की समनर-हूक वैतागले. आज लोक त्याच आवाजावर फिदा आहेत.

कर्टिस दिवसा रोजगार कार्यालयात नोकरी करायचा. तिथे येणाऱ्या, फिट्सचा त्रास असलेल्या एका मुलीवर त्याने 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' लिहिलं. ती पुढे गेली. मग त्यालाही फिट्स येऊ लागल्या, कधीकधी स्टेजवरच. शो मात्र चालूच राहिले. अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर, १८ मे १९८० ला, त्याने आयुष्य संपवलं. वय २३. उरलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' काढला.

पोराच्या कानात इअरफोन घातला, तेच गाणं लावलं. शेजारी यंत्रमाग खडखडत होते. तो थोडा वेळ गप्प. मग बोटं मांडीवर वाजायला लागली.

"अक्का, हे आमच्या मागावर बसतंय की!"