दहा मिनिटांचे पाच तास चाळीस कसे होतात?

गीझर लावला आहे. दहा मिनिटांनी तो आपोआप बंद व्हावा म्हणून टायमरही सुरू केला आहे. पण स्वयंपाकघरातल्या टॅबवर उरलेला वेळ दिसतो ०५:४०:००. पाच तास चाळीस मिनिटं! टायमर बिनचूक चालतो आहे, गीझर वेळेवर बंदही होणार आहे. चुकलं आहे ते फक्त सांगणं. स्मार्ट होमची मांडणी स्वतः करणाऱ्या भारतातल्या कुणालाही ही चूक गाठू शकते. तिचं मूळ समजलं की उपाय सोपा आहे.

होम असिस्टंट ही घरातली उपकरणं एकत्र जोडणारी मुक्त स्रोत प्रणाली. पाउलस स्खाउत्सेन यांनी ती २०१३ मध्ये पायथॉन भाषेत लिहायला घेतली. तिच्यातला टायमर आपला अवधी तास, मिनिटं आणि सेकंद असा लिहितो, म्हणजे दहा मिनिटांसाठी ०:१०:००. यंत्राला तेवढं पुरतं. माणसाला मात्र ‘दहा मिनिटं राहिली’ असं वाचायचं असतं. त्यासाठी जिंजा नावाच्या भाषेत छोटी टेम्प्लेट लिहावी लागते आणि घोळ होतो तो इथेच.

लग्नातला मुहूर्त ही वेळ, पण घटका हा अवधी. घटिकापात्र २४ मिनिटांत भरून बुडतं. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. संगणकाला हा फरक आपल्याला सांगावा लागतो. तो काळ मोजतो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तेही जागतिक प्रमाणवेळेनुसार. तारीख-वेळ छापणाऱ्या तयार फिल्टरला ६०० सेकंद दिले, की तो त्यांना अवधी समजतच नाही. त्या मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी घड्याळात किती वाजले होते, ते तो सांगतो. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे, म्हणून पाच चाळीस. न्यू जर्सीतल्या मराठी घरात याच दहा मिनिटांचे १९:१०:०० होतील.

स्थानिक वेळ लावू नकोस, असं त्या फिल्टरला सांगता येतं. मग दहा मिनिटं दहाच दिसतात, पण दुसरा धोका उरतो. घड्याळ २४ तासांनी पुन्हा शून्यावर येतं. पाणी दिवसाआड येतं, म्हणून कुणी ३० तासांचा टायमर लावला, तर पडद्यावर ०६:००:०० उमटेल. मधला अख्खा दिवस गायब.

खात्रीचा उपाय शाळेतलाच आहे: भागाकार आणि बाकी. समजा ४५३० सेकंद उरले आहेत. ३६०० ने भागलं की १ तास, बाकी ९३०. तिला ६० ने भागलं की १५ मिनिटं आणि उरले ३० सेकंद. इथे प्रमाणवेळ आड येत नाही आणि तास २४ च्या पुढेही मोजले जातात. हा हिशोब एकदा मॅक्रो म्हणून लिहून ठेवला, की घरातल्या सगळ्या टायमरना वापरता येतो.

आणखी एक खाच ध्यानात ठेवावी. टायमर चालू असताना त्याच्याजवळची ‘उरलेला वेळ’ ही नोंद दर सेकंदाला घटत नाही. टायमर सुरू केला किंवा रोखला, तरच ती बदलते. म्हणून चालू टायमरसाठी, तो संपण्याची जी वेळ नोंदलेली असते, तिच्यातून आत्ताची वेळ वजा करावी.

आकडे जुळले की भाषेकडे वळावं. शून्य तास, शून्य सेकंद असले भाग गाळावेत. सेकंद शेवटच्या मिनिटातच दाखवावेत. एक असेल तर ‘मिनिट’, अधिक असतील तर ‘मिनिटं’, एवढी अट घालायला एक ओळ लागते. आणि मराठीजवळ तर यासाठी तयार शब्द आहेत: ४५ मिनिटांना पाऊण तास, ७५ ला सव्वा, ९० ला दीड, १५० ला अडीच. नेमक्या या आकड्यांपुढे हे शब्द लिहिलेली छोटी यादी टेम्प्लेटमध्ये घातली, की स्पीकरवरून ‘शून्य पंचेचाळीस शून्य शून्य’ ऐकू येण्याऐवजी ‘पाऊण तास राहिला’ असं ऐकू येईल. घरात जसं बोलतात तसंच.

टेम्प्लेट लिहून झाली, की ४५ सेकंद, १० मिनिटं, ७५ मिनिटं आणि ३० तास असे चार अवधी देऊन ती तपासा. मग तो पडदा घरातल्या ज्येष्ठांना दाखवा. काहीही न विचारता ‘अजून किती वेळ’ हे त्यांना कळलं, तरच काम पुरं झालं असं समजा.