फायर अलार्म बसविणाऱ्याची पात्रता कशी पारखावी?



आपले भक्तनिवास, अन्नछत्र व सभागृह या तिन्ही वास्तूंत फायर अलार्मची यंत्रणा बसविण्याचे विश्वस्त मंडळाने योजिले आहे. त्यासाठी आलेल्या प्रत्येक दरपत्रकास प्रमाणपत्रांची एक जाड फाईल जोडलेली आहे. "सर्वांकडेच प्रमाणपत्रे आहेत, तर सर्वांत कमी दराचे दरपत्रक का स्वीकारीत नाही?" असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. प्रश्न रास्त आहे, कारण पैसा भाविकांचा आहे. त्याचे उत्तर सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

पाण्याचा नळ गळू लागला तर लगेच दिसतो. फायर अलार्मचे तसे नाही. छतावर डबी दिसते, तिचा दिवा लुकलुकतो आणि आपण निश्चिंत होतो. डबी योग्य जागी आहे का, तिची तार पॅनेलपर्यंत नीट गेली आहे का, घंटा शेवटच्या खोलीत ऐकू येईल का, हे नुसते पाहून कळत नाही. भक्तनिवासात रात्री निजलेल्या परगावच्या यात्रेकरूस जिना कोणत्या बाजूस आहे हेही ठाऊक नसते. त्याचा जीव त्या घंटेवर अवलंबून असतो. म्हणून यंत्राइतकीच ते बसविणाऱ्याची पात्रता महत्त्वाची ठरते.

देवस्थानाच्या वास्तूत हे काम अधिक जोखमीचे असते. धूप, ऊद, कापूर व होम यांचा धूर हा येथील नित्याचा भाग. अशा जागी साधा स्मोक डिटेक्टर बसविल्यास तो आरतीच्या वेळी वाजणारच. अन्नछत्रात फोडणीचा धूर आणि भाताची वाफ. चार वेळा विनाकारण घंटा वाजली की पाचव्या वेळी कोणी जागचे हलत नाही आणि सहाव्या वेळी कोणीतरी ती बंद करून ठेवतो. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा, तर निजण्याच्या खोल्यांत धूर ओळखणारा डिटेक्टर योजावा, एवढी समज आराखडा करणाऱ्यास असलीच पाहिजे.

आता फाईलमधील कागदांकडे वळू. ते साधारणपणे चार प्रकारचे असतात.

१. वस्तूचे प्रमाणपत्र. यू.एल. अथवा ई.एन. ५४ हा उल्लेख डिटेक्टर वा पॅनेल या वस्तूविषयी असतो. उत्तम वस्तूही चुकीच्या जागी बसविता येते.

२. आय.एस.ओ. ९००१. कंपनीचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो, एवढेच हे सांगते. त्यावर कामाची व्याप्ती छापलेली असते. ती "विद्युत साहित्याची विक्री" अशी असेल, तर आपल्या कामास तिचा उपयोग थोडाच. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस एन.ए.बी.सी.बी. या आपल्या राष्ट्रीय मंडळाची अथवा तत्सम मान्यता आहे का, हेही पाहावे.

३. उत्पादकाचे अधिकृतपत्र. त्या बनावटीचे पॅनेल हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाल्याचा हा पुरावा असू शकतो. मात्र ते कंपनीस दिले आहे की प्रत्यक्ष येणाऱ्या तंत्रज्ञास, हे विचारावे.

४. शासकीय परवाना. हा विषय राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र लागते आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. आपल्या वडोदऱ्यास गुजरातचा २०१३ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या ठेकेदाराने तेथील परवाना दाखविला, तरी येथे काय लागते हे स्थानिक अग्निशमन दलाकडूनच खात्री करून घ्यावे लागते.

२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळघरातील आगीत २७ जणांचा बळी गेला. त्या जागेस अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. आवश्यक कागद नसणे घातक आहे, तसेच भलत्याच कागदावर विसंबून राहणेही.

या बाबतीत ब्रिटनमधील पद्धत समजून घेण्याजोगी आहे. तेथे 'बाफे' या संस्थेची एस.पी. २०३-१ नावाची योजना फायर अलार्मचे काम करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. तीत कामाचे चार भाग केले आहेत: आराखडा, उभारणी, चाचणी व हस्तांतरण, आणि देखभाल. कंपनी ज्या भागात पात्र ठरेल, त्याचेच प्रमाणपत्र तिला मिळते. तपासणी बाफे स्वतः करीत नाही, एन.एस.आय., एस.एस.ए.आय.बी. यांसारख्या त्रयस्थ संस्था करतात आणि त्या संस्थांवर 'युकास' या राष्ट्रीय मान्यता मंडळाची देखरेख असते. तारा उत्तम ओढणारा आराखडाही उत्तम करील असे गृहीत धरू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. ती योजना येथे लागू नसली, तरी तिचे चार प्रश्न आपणांस विचारता येतात.

त्यानुसार दरपत्रक देणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही पुढील गोष्टी लेखी मागत आहोत:

• आराखडा कोण करणार, आणि तो आय.एस. २१८९ या भारतीय मानकास धरून असेल काय?
• उभारणी स्वतःची माणसे करणार की पोटठेकेदार?
• काम संपल्यावर प्रत्येक डिटेक्टरची चाचणी आमच्यासमक्ष होऊन तिची नोंद व अंतिम नकाशे मिळतील काय?
• देखभाल कोण करणार, आणि बिघाड कळविल्यापासून किती तासांत माणूस येईल?
• पूर्वी केलेल्या व आजही चालू असलेल्या दोन यंत्रणा प्रत्यक्ष दाखविता येतील काय?

प्रमाणपत्राची केवळ छायाप्रत पुरेशी मानू नये. क्रमांक, मुदत, व्याप्ती व पत्ता देणाऱ्या संस्थेकडे पडताळून पाहावा. तसेच ज्याने यंत्रणा बसविली त्याच्याच शब्दावर "सर्व ठीक आहे" असे मानू नये. तपासणारा शक्यतो वेगळा असावा.

या उत्तरांनंतर जे पात्र ठरतील, त्यांच्यातच दराची तुलना होईल. काटकसर अवश्य करावी, परंतु ती सारख्या योग्यतेच्या दोघांमध्ये.

विद्युत वा अग्निसुरक्षा क्षेत्रात काम केलेल्या सभासदांनी दरपत्रकांच्या छाननीस आपला वेळ द्यावा, ही नम्र विनंती. अन्य देवस्थानांच्या विश्वस्तांनाही ही प्रश्नावली उपयोगी पडल्यास आम्हांस समाधान वाटेल.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता