शेगडीवरच्या दिव्याची निवड

ठाण्यात टेंभी नाक्याच्या जुन्या इमारतींमधली स्वयंपाकघरं लहान असतात. पावसाळ्यात हवा दमट, त्यात कुकरची वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर. शेगडीच्या वर लावलेला साधा एलईडी दिवा अशा जागी लवकर दम तोडतो.

यात बिघडतो तो बहुधा ड्रायव्हर. विजेचा दाब जुळवणाऱ्या या भागातले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. प्लॅस्टिकचं झाकण पिवळं पडतं, सांध्यांतून ओल शिरते.

म्हणून खोक्यावरचा ‘आयपी’ क्रमांक वाचावा. त्यातला पहिला आकडा धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. ४४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव. ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या फवाऱ्यालाही दिवा दाद देत नाही. उष्णतेबद्दल मात्र हा क्रमांक काहीच सांगत नाही. त्यासाठी दिवा किती तापमानापर्यंत चालतो, ते वेगळं पाहावं.

टफन्ड काचेचं झाकण आणि अॅल्युमिनियमची बॉडी घ्यावी. ४००० केल्विनच्या आसपासच्या रंगछटेच्या प्रकाशात कांद्याचा बदलता रंग नीट दिसतो. दिवा ज्वालेच्या थेट वर नको, थोडा बाजूला हवा. ड्रायव्हर शेगडीपासून दूर.

भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी खूण पाहूनच खरेदी करा आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.