लॅपटॉप बंद पडला? आधी तपास, मग दुरुस्ती



सुट्टी जवळ आली की संगणक कक्षात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "सर, घरचा लॅपटॉप चालत नाही, काय करू?" आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत. घर आज जोधपूरला, तर दोन वर्षांनी तेजपूरला. सर्व्हिस सेंटर कधी बाजारात असते, तर कधी दिवसभराच्या प्रवासावर. अशा वेळी कोणी "मदरबोर्ड गेला" म्हणाले की पालक मुकाट्याने पैसे देतात. पुष्कळदा दोष त्यापेक्षा खूप लहान असतो. तो ओळखता यावा, आणि कुठे हात लावायचा नाही हेही कळावे, म्हणून हा लेख.

मी ईएमईमध्ये उपकरणे दुरुस्त करण्यात माझी नोकरी केली. तिथे स्क्रू ड्रायव्हर हातात देण्यापूर्वी क्रम शिकवतात. आधी पाहा, मग ऐका, मग वास घ्या आणि शेवटी हात लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झाले, तरी दोष कशात होता ते कळत नाही.

दोष यंत्रात की प्रोग्रॅममध्ये?

पहिला निर्णय हा करायचा. लॅपटॉप सुरू करताना एफ-२ किंवा डिलीट बटण दाबत राहिले की बहुतेक मशीनमध्ये बायोसचा पडदा येतो. (काही कंपन्यांचे बटण वेगळे असते. सुरुवातीच्या पडद्यावर ते लिहिलेले असते.) इथे विंडोज अजून सुरूच झालेले नसते. म्हणून पडद्यावरच्या रेषा किंवा न चालणारी बटणे इथेही तशीच असतील, तर दोष बहुधा यंत्रात आहे. इथे सगळे ठीक आणि विंडोजमध्ये गडबड, तर आधी ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम तपासा. या पडद्यावर फक्त पाहायचे. कोणतीही सेटिंग बदलायची नाही.

१. लॅपटॉप सुरूच होत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का पाहा. मग ॲडॅप्टरचा दिवा आणि वायर पाहा. वायर बहुतेक वेळा पिनजवळ, जिथे रोज वाकते तिथे तुटते.

हे सगळे ठीक असेल तर ॲडॅप्टर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला विद्युतभार निघून जातो. नंतर फक्त ॲडॅप्टर लावून सुरू करा. 'मेलेले' कित्येक लॅपटॉप एवढ्यावर उठतात.

पालकांसाठी एक सूचना. नवा ॲडॅप्टर घेताना जुन्यावरचे आकडे वाचा. समजा त्यावर १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर लिहिले आहे, म्हणजे सुमारे ६५ वॅट. नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिन बसते एवढ्यावरून ॲडॅप्टर योग्य ठरत नाही.

२. दिवे लागतात, पण पडदा काळा

खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश पडद्यावर तिरका टाका. चित्र पुसट दिसले, तर पॅनेल काम करते आहे, फक्त मागचा प्रकाश गेला आहे. काहीच दिसले नाही, तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र आले, तर दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये आहे. मदरबोर्ड बदलण्याचे कारण नाही.

टीव्हीवरही काही नाही आणि सुरू करताना बीप ऐकू येतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तर ते मोजून लिहा. ती मशीनची सांकेतिक भाषा आहे. तिचा अर्थ कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. अनेकदा कारण एवढेच असते की रॅमची पट्टी खाचेत सैल झालेली असते. बदलीच्या सामानात ट्रकमधून हादरे खात आलेल्या मशीनमध्ये हे मी पाहिले आहे. वॉरंटी संपलेली असेल आणि शिकवणारे कोणी जवळ असेल, तरच पट्टी काढून पुन्हा बसवा. त्याआधी वीज आणि बॅटरी तोडा, आणि धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा.

३. तापतो आणि अचानक बंद होतो

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. म्हणून 'लॅपटॉप हळू झाला' ही तक्रार कित्येकदा धुळीची असते. राजस्थानच्या वाळूत किंवा पंजाबच्या धुळीत पंख्यासमोरची जाळी बुजते. गादीवर किंवा रजईवर ठेवलेल्या लॅपटॉपला खालून हवाच मिळत नाही. टेबलावर ठेवा. मशीन बंद करून जाळीवर मऊ ब्रश फिरवा. हवेचा झोत मारायचा असेल तर पंख्याची पाती काडीने अडवून धरा. जोरात फिरवल्यास पंखा खराब होतो.

४. पाणी किंवा चहा सांडला

इथे सेकंद महत्त्वाचे. ॲडॅप्टर काढा आणि पॉवरचे बटण दाबून धरून मशीन बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. झाकण उघडे ठेवून लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा. किमान दोन दिवस सुरू करू नका. तांदळात ठेवून उपयोग होत नाही. उलट दाणे आणि पीठ आत जाते. चहा असेल तर वाळल्यावरही साखर मागे राहते आणि सर्किट गंजते. अशा वेळी आतून साफ करून घ्यावाच लागतो.

५. हार्ड डिस्कमधून टकटक

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ठरावीक टकटक येऊ लागली, तर दुरुस्तीचे सगळे विचार बाजूला ठेवा. पुन्हापुन्हा सुरू-बंद करू नका. फॉरमॅट करू नका. मशीन चालू असतानाच सगळ्यात महत्त्वाच्या फाइल आधी बाहेर काढा. बारावीचा प्रोजेक्ट, वडिलांच्या पोस्टिंगचे फोटो, घराची कागदपत्रे. नवी डिस्क बाजारात मिळते, हे मिळत नाही. एसएसडी आवाज न करता जाते, म्हणून बॅकअप आधीच हवा. एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर.

६. फुगलेली बॅटरी : इथे थांबा

गेल्या सत्रात एका शिक्षकांनी टचपॅड दाबला जात नाही म्हणून लॅपटॉप आणला. मी तो सपाट टेबलावर ठेवला. एका कोपऱ्यावर तो डुगडुगत होता. टचपॅड ठीक होता. त्याखालची लिथियम-आयन बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती. ते त्याच अवस्थेत रोज रात्री तो पलंगावर चार्जिंगला लावत होते.

बॅटरीच्या आत वायू तयार झाला की ती फुगते. तिला टोचले, दाबले किंवा चार्ज केले तर आग लागू शकते. आम्ही मशीन बंद केले, कागद-कपड्यांपासून दूर सिमेंटच्या फरशीवर ठेवले आणि बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतली. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची. झाकण नीट मिटत नाही, तळ फुगीर दिसतो, टचपॅड वर आला आहे, यापैकी एकही खूण दिसली तर त्याच क्षणी थांबा. याबाबतीत कोणतीही घरगुती दुरुस्ती नाही.

दुकानात देण्यापूर्वी

डेटाची प्रत काढा. सीरियल नंबर लिहून घ्या. आणि "चालत नाही" एवढेच सांगू नका. "टीव्हीवर चित्र येते, पडद्यावर येत नाही, टॉर्चच्या प्रकाशात पुसट दिसते" असे सांगा. इतके नेमके सांगणाऱ्या ग्राहकाला मदरबोर्डचे बिल देणे अवघड असते.

या सुट्टीत घरच्या लॅपटॉपची तीन कामे करा. जाळीची धूळ काढा, डेटाची दुसरी प्रत करा आणि मशीन सपाट टेबलावर ठेवून डुगडुगते का पाहा. परत आलात की वहीतल्या नोंदी घेऊन लॅबमध्ये या. न सुटलेले दोष आपण मिळून शोधू.