अडलेली गाय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या घरी गाईचे वेत हेच वर्षभराच्या संसाराचे मुख्य भांडवल असते, आणि त्यातही जी कालवड दोन-तीन वेळा उलटून अखेरीस गाभण राहिलेली असते, त्या घरातील माणसे तिच्या विण्याची वाट किती उत्कंठेने पाहतात, हे गोठ्याशी संबंध असलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. परंतु हीच उत्कंठा ऐन वेळी अधीरतेचे रूप धारण करते आणि मग पिढ्यान्पिढ्या कानी पडत आलेल्या समजुतींचा अंमल बुद्धीवर सुरू होतो. त्यांपैकी काहींत अनुभवाचा अंश आहे. पुष्कळशा मात्र निराधार, आणि काही तर प्रत्यक्ष घातक आहेत. अडलेल्या गाईच्या बाबतीत बळापेक्षा योग्य वेळ व योग्य दिशा यांचे ज्ञान अधिक उपयोगी पडते, हे मनावर ठसावे एवढ्यासाठी या समजुतींचा क्रमवार परामर्श घेणे अवश्य आहे.

गैरसमज १: तारीख उलटली की औषध देऊन गाईला व्यायला लावावे.

वस्तुस्थिती: गाईचा गर्भकाळ सरासरी २८० दिवसांचा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात त्याप्रमाणे सुमारे नऊ महिने नऊ दिवसांचा असतो, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. परंतु ही सरासरी आहे. तिला दप्तरी मुदतीसारखे समजणे योग्य नव्हे. जात, वासराचे लिंग आणि गाईचे वय यांनुसार आठ-दहा दिवसांचा फरक सहज पडतो. शिवाय प्रसूतीचा आरंभ गाईपेक्षा गर्भच अधिक ठरवतो. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे सिद्ध झाले, की गर्भाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक मातेच्या शरीराला प्रसूतीचा इशारा देते. गाईतही हीच यंत्रणा आहे. म्हणून रेतनाचा दिनांक लिहून ठेवावा. कास भरणे, सडांना तकाकी येणे, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडणे या खुणांकडे लक्ष ठेवावे. आणि दहा दिवस उलटूनही त्यांपैकी काहीच न दिसल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करवावी. औषध द्यावयाचे की नाही, हा निर्णय त्याचाच.

गैरसमज २: कळा सुरू होताच हात घालावा, किंवा उलट, सारे दैवावर हवाला ठेवून सकाळपर्यंत थांबावे.

वस्तुस्थिती: या दोन्ही टोकांनी वासरे दगावतात. पहिल्या अवस्थेत गाय अस्वस्थ होते, उठबस करते, शेपटी उचलून धरते. या काळात गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडत असते, आणि त्याला साधारणतः दोन ते सहा तास, पहिलारू गाईत त्याहूनही अधिक वेळ लागतो. मुख पुरते उघडण्यापूर्वी केलेली ओढाताण अवयव फाडते. त्यानंतर पाणमोट दिसते, आणि येथून मात्र घड्याळ पाहणे अगत्याचे ठरते. पाणमोट फुटल्यावर पूर्वी व्यालेल्या गाईत एका तासात आणि पहिलारूत दोन तासांत प्रगती न दिसल्यास, किंवा जोराच्या कळा अर्धा तास येऊनही वासरू तसूभर पुढे न सरकल्यास, डॉक्टरांना बोलावण्यात क्षणाचीही हयगय करू नये.

गैरसमज ३: पाय दिसले की दोर बांधून ओढावे, माणसे जितकी अधिक तितके उत्तम.

वस्तुस्थिती: सर्वांत अधिक हानी याच समजुतीने होते. पाण्यात सूर मारणाऱ्याचे हात जसे पुढे आणि डोके त्यांच्यामध्ये असते, तसेच वासराचे पुढचे दोन पाय पुढे आणि मुखवटा गुडघ्यांवर टेकलेला, ही नैसर्गिक स्थिती होय. आणि बहुसंख्य वासरे अशीच जन्मतात. दिसणारे पाय पुढचे की मागचे याची खातरजमा प्रथम करावी. खुरापासूनचे दोन सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर तो पुढचा पाय. परस्परविरुद्ध दिशांनी वाकत असतील तर मागचा. दोन पाय हाताला लागून डोके लागत नसेल, तर मान मागे वळलेली असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी ओढणे म्हणजे वासराला मातेच्या उदरातच अडकवून ठेवणे. तेथे इलाज उलट आहे: दोन कळांच्या मधल्या अवकाशात वासरू अलगद मागे सारून स्थिती सुधारावी लागते, आणि ते शिकलेल्या हाताचेच काम आहे.

स्थिती योग्य असताना मदत करावयाची झाल्यास गाईचा मागील भाग व स्वतःचे हात साबणाने धुवावेत, भरपूर वंगण वापरावे, उकळलेल्या सुती दोराचा फास खुरावरच्या सांध्याच्या वर व दुसरा पेच त्याखाली घालावा. गाय कळ देईल तेव्हाच, एकदा एक व एकदा दुसरा पाय असे आळीपाळीने ओढावे, आणि डोके व छाती बाहेर आल्यावर ओढ गाईच्या मागच्या पायांच्या रोखाने खाली वळवावी. दोन माणसांच्या संयत बळाने जे निघत नाही, ते दहा माणसांनी किंवा ट्रॅक्टरने ओढू नये. अशा प्रसंगी शस्त्रक्रियेनेच माता व वासरू दोन्ही वाचण्याची आशा असते.

गैरसमज ४: कळा मंद पडल्या की कळांचे इंजेक्शन द्यावे.

वस्तुस्थिती: कळा येतात आणि बाहेर काहीच येत नाही, याचे कारण गर्भाशयाला पडलेला पीळ असू शकते, म्हशींत तर ते विशेष आढळते. पिळलेल्या वा अडलेल्या गर्भाशयाला कृत्रिम रीतीने आकुंचित करणे म्हणजे ते फाटण्यास निमंत्रण देणे होय. कळा मंदावण्याचे दुसरे कारण रक्तातील कॅल्शियमची उणीव हे असते, आणि तेथे उपचार निराळा असतो. कारण समजल्यावाचून सुई टोचू नये.

गैरसमज ५: श्वास न घेणाऱ्या वासराला उलटे टांगावे.

वस्तुस्थिती: टांगल्यावर जो द्रव गळतो तो बहुतांशी पोटातील असतो, आणि आतड्यांचा भार श्वासपटलावर पडून श्वास अधिकच कोंडतो. नाकातोंडातील चिकट द्रव पुसावा, नाकपुडीत काडीने गुदगुली करावी, कोरड्या गोणपाटाने अंग चोळावे व वासराला छातीवर बसते करावे.

गैरसमज ६: वार पडल्याशिवाय चीक पाजू नये.

वस्तुस्थिती: गाईच्या उदरात असताना मातेची रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला मिळत नाहीत, ती केवळ चिकातून मिळतात, आणि आतड्यांची ती शोषण्याची शक्ती तासागणिक घटत जाऊन दिवसभरात जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक एक-दोन तासांच्या आत, आणि पहिल्या दिवसात एकूण वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका पाजावा. खरवसाचा विचार त्यानंतर. वासरू कास लुचते तेव्हा स्रवणारे संप्रेरक वार सुटण्यासही साहाय्य करते. वार साधारणतः बारा तासांत पडते. न पडल्यास तिला दगड किंवा वहाण बांधू नये, हाताने ओढू नये, तर डॉक्टरांना दाखवावे.

गर्भपात घडवणारा ब्रुसेला हा जंतू वार व स्राव यांतून माणसालाही जडतो. सबब हातमोज्यांवाचून यांपैकी कशालाही स्पर्श करू नये, आणि पडलेली वार खोल पुरावी.

पशुपालकांना एवढीच कळकळीची विनंती आहे, की गाय गाभण असल्याचे कळताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा, आणि गाय अडली तर दोराला हात घालण्यापूर्वी त्या क्रमांकावर निरोप द्यावा.