निर्वासितांचा क्रीडासंघ

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत रब्बीची सुगी आटोपली, की गावोगावच्या जत्रांना प्रारंभ होतो. जत्रेच्या दिवशी दुपार कलली म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडू लागते, माणसांचे कडे हळूहळू दाट होत जाते, आणि मल्ल आखाड्याची माती कपाळाला लावून आत उतरतात. मोठी कुस्ती लागण्यापूर्वी पुकारणारा दोन्ही मल्लांची नावे उच्च स्वरात सांगतो. परंतु नुसते नाव सांगून त्याचे समाधान होत नाही. हा मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या तालमीत तयार झालेला आणि कोणत्या वस्तादाचा पठ्ठा, हेही तो सांगतो. गावाचे नाव कानी पडताच त्या गावची मंडळी आरोळी ठोकतात. मल्ल आखाड्यात एकटाच झुंजत असतो. पण त्याच्या पाठीशी सारे गाव उभे असते.

जगातील सर्वांत मोठा क्रीडामहोत्सव म्हणजे ऑलिंपिक. तेथेही हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसून येते. उद्‌घाटनाच्या दिवशी प्रत्येक देशाचा संघ आपला ध्वज पुढे धरून मैदानात प्रवेश करतो. खेळाडूच्या नावाआधी त्याच्या देशाचे नाव पुकारले जाते. जो सुवर्णपदक मिळवतो, त्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. इतकेच नव्हे, तर देशाच्या ऑलिंपिक समितीने नाव पाठवल्यावाचून कोणालाही या स्पर्धांत उतरता येत नाही, असा तेथील मूळ नियम आहे.

आता असा प्रश्न उभा राहतो, की ज्याच्या पाठीशी गाव नाही आणि देशही नाही, त्या खेळाडूने काय करावे? त्याच्या पायांत वेग असेल, बाहूंत बळ असेल. पण त्याला कोणत्या नावाने पुकारावे?

गाव सुटण्याचेही अनेक प्रकार आहेत. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे उदाहरण पाहावे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि नदीकाठची अनेक गावे जलाशयाच्या पोटात गेली. जुने पळसदेव त्यांपैकीच एक होय. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी फार खाली गेले, म्हणजे तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर दिसू लागते. तेथल्या लोकांना घरदार सोडून दुसरीकडे नवे गाव वसवावे लागले. हे दुःख लहान नव्हे. अशा लोकांना विस्थापित म्हणतात. परंतु त्यांचा देश त्यांच्यापासून दुरावला नाही. त्यांचे सरकार, त्यांचे न्यायालय आणि त्यांचा ध्वज हे सारे त्यांचेच राहिले.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा लक्षावधी लोकांना गावच काय, पण प्रांतही सोडावा लागला. सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा घेतला. त्या छावणीच्या जागी पुढे उल्हासनगर हे शहर वसले. आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुरा या गावातून एक पोरका मुलगा जीव मुठीत धरून दिल्लीला आला. त्याचे आईवडील त्या दंगलीत मारले गेले होते. हाच मुलगा पुढे मिल्खासिंग या नावाने जगाला ठाऊक झाला. १९५८ साली कार्डिफ येथील राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने सुवर्णपदक जिंकले, आणि १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत चौथा क्रमांक मिळवला. मिल्खासिंगचे गाव गेले. पण भारत त्याचा होता, आणि भारताच्याच नावाने तो धावला.

काहींच्या वाट्याला मात्र एवढेही भाग्य येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांना कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे आश्रय मिळाला होता. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे त्यांची वसाहत नांदली. शाळा भरल्या, खेळ रंगले. युद्ध संपले, तरी त्यांच्यापैकी अनेकांना मायदेशी परतता आले नाही. युद्धामुळे किंवा छळाच्या भीतीने ज्यांना आपला देश सोडावा लागतो, आणि परत जाणे ज्यांना धोक्याचे असते, त्यांना निर्वासित म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या गणनेनुसार २०२४ सालच्या अखेरीस जगात असे निर्वासित चार कोटींहून अधिक होते.

अशा लोकांतही खेळाडू असणारच. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा पूर्व युरोपातून परागंदा झालेल्या काही खेळाडूंनी आम्हालाही भाग घेऊ द्यावा, अशी विनंती केली. ती नाकारण्यात आली. कारण त्यांची नावे पाठवणारी कोणतीही राष्ट्रीय समिती नव्हती. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. खाशाबांच्या पाठीशी गाव होते, देश होता. ज्यांच्या पाठीशी कोणीच नव्हते, त्यांच्यासाठी मैदानाचे दार बंदच राहिले.

हे दार पुरते उघडण्यास आणखी साठांहून अधिक वर्षे लागली. २०१२ साली लंडन येथे गुओर मारियाल नावाचा धावपटू मॅरेथॉन शर्यतीत उतरला. त्याचा जन्म ज्या प्रदेशात झाला, तो दक्षिण सुदान देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तेथे ऑलिंपिक समिती अद्याप स्थापन झाली नव्हती. ज्या सुदानच्या सैन्यामुळे आपले आप्त मारले गेले, त्याच्या नावाने धावण्यास गुओरने नकार दिला. अखेर त्याला पाच वलयांच्या ऑलिंपिक ध्वजाखाली धावण्याची अनुमती मिळाली. पण ही सवलत एकट्यादुकट्यापुरती होती.

पुढे २०१५ साली सीरियातील युद्धामुळे लाखो माणसे देशोधडीला लागली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने घोषणा केली, की पुढील वर्षी रिओ दी जानेरो येथे निर्वासित खेळाडूंना भाग घेता येईल. यासाठी उमेदवाराचा निर्वासित म्हणून दर्जा संयुक्त राष्ट्रांकडून पडताळून घेतला जाई; मग त्याचे क्रीडाकौशल्य पाहिले जाई. ४३ उमेदवारांतून शेवटी १० जणांची निवड झाली.

या दहांपैकी पाच धावपटू दक्षिण सुदानचे होते. ते केनियातील काकुमा येथील निर्वासितांच्या छावणीत वाढले होते. उघड्या, रखरखीत प्रदेशातील या छावणीत लाखाहून अधिक माणसे राहत. तेथे धावण्याची मैदाने नव्हती, की शिक्षक नव्हते. केनियाची विख्यात धावपटू तेग्ला लोरूपे हिने छावणीत चाचणी शर्यती घेतल्या. त्या शर्यतींत अनेक जण अनवाणीच धावले. निवडलेल्यांना नैरोबीजवळच्या एन्गाँग येथे नेऊन तिने त्यांची तयारी करून घेतली. त्यांतली रोझ लोकोन्येन ही मुलगी बालपणी घरच्यांसह युद्धातून पळून आली होती. शाळेतल्या शिक्षकांच्या सांगण्यावरून ती पहिल्यांदा एका लांब शर्यतीत धावली, आणि कसलाही सराव नसताना दुसरी आली.

सीरियाच्या युस्रा मार्दिनीची कथा याहून निराळी आहे. ती दमास्कसमधील जलतरणपटू. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये ती आणि तिची बहीण तुर्कस्तानातून एका लहान रबरी नावेने ग्रीसकडे निघाल्या. सहासात माणसांच्या त्या नावेत सुमारे वीस जण दाटीने बसले होते. भर समुद्रात यंत्र बंद पडले, आणि नावेत पाणी शिरू लागले. तेव्हा दोघी बहिणींनी पाण्यात उड्या घेतल्या. त्यांच्याबरोबर आणखी काही जण उतरले. भार हलका करून, दोर धरून आणि पोहत राहून त्यांनी ती नाव तीन तासांनंतर किनाऱ्याला लावली. एका वर्षाच्या आत हीच युस्रा रिओच्या तलावात ऑलिंपिकसाठी उतरली, आणि १०० मीटर फुलपाखरू पद्धतीच्या आपल्या प्राथमिक गटात पहिली आली. पुढील फेरी मात्र तिला गाठता आली नाही.

५ ऑगस्ट २०१६ रोजी उद्‌घाटनाच्या संचलनात यजमान ब्राझीलच्या अगोदर हा दहा जणांचा संघ मैदानात आला. रोझच्या हाती ऑलिंपिकचा ध्वज होता. निरनिराळ्या देशांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे हे दहा जण एका संघाचे सोबती झाले होते. प्रेक्षक उठून उभे राहिले, आणि सारे मैदान टाळ्यांनी दुमदुमून गेले.

तथापि टाळ्या मिळवणे वेगळे आणि लढत जिंकणे वेगळे. तीही वेळ लवकरच आली. या संघातील पोपोले मिसेंगा हा काँगोचा ज्यूदोपटू होता. ज्यूदो हा जपानी कुस्तीचा एक प्रकार. पोपोले लहान असताना युद्धात त्याची आई मारली गेली. तो मुलगा आठ दिवस जंगलात भटकत होता. पुढे अनाथांच्या आश्रमात तो ज्यूदो शिकला. २०१३ साली स्पर्धेसाठी रिओला आला असता त्याने तेथेच आश्रय मागितला. ऑलिंपिकमधील त्याची पहिली लढत लागली ती भारताच्या अवतारसिंग याच्याशी.

त्या दिवशी भारतीय प्रेक्षकाच्या मनाची मोठी ओढाताण झाली असेल. आपल्या देशाचा मल्ल जिंकावा, असे कोणाला वाटणार नाही? अवतारसिंगही काही सहजासहजी रिओला पोहोचला नव्हता. त्या वर्षी ज्यूदोसाठी भारतातून पात्र ठरलेला तो एकटाच होता. समोर उभा होता तो कोणत्याही देशाचा नसलेला माणूस. ती लढत पोपोलेने जिंकली. निर्वासितांच्या संघाचा हा पहिलाच विजय. नंतर दक्षिण कोरियाच्या जगज्जेत्या मल्लाशी लढताना तो हरला. पण तेव्हाही प्रेक्षक त्याचेच नाव घेऊन ओरडत होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अवतारसिंगने समोरच्याची करुण कहाणी आठवून हात सैल सोडले नाहीत, आणि पोपोलेनेही तशी अपेक्षा धरली नाही. त्याला दया नको होती. बरोबरीची लढत हवी होती. ती त्याला मिळाली, हाच त्याचा खरा सन्मान.

रिओमध्ये या संघाला एकही पदक मिळाले नाही. पण उपक्रम तेथेच थांबला नाही. २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २९, तर २०२४ साली पॅरिस येथे ३७ निर्वासित खेळाडूंनी भाग घेतला. पॅरिसमध्ये सिंडी न्गाम्बा या मुष्टियोद्धा तरुणीने कांस्यपदक पटकावले. संघाचे हे पहिले ऑलिंपिक पदक होय. सिंडी वयाच्या अकराव्या वर्षी कॅमेरूनहून इंग्लंडला आली होती. मायदेशी परतल्यास तेथील कायद्यानुसार तिला तुरुंगवासाचे भय होते, आणि इंग्लंडचे नागरिकत्व नसल्यामुळे त्या देशाकडूनही तिला खेळता येत नव्हते. निर्वासितांचा संघ नसता, तर तिचे कसब मुष्टियुद्धाच्या आखाड्यापर्यंत पोहोचलेच नसते. त्याच वर्षी अपंगांच्या पॅरालिंपिक स्पर्धांत मूळच्या अफगाणिस्तानच्या झाकिया खुदादादी हिने तायक्वांदोमध्ये कांस्यपदक जिंकले. निर्वासितांच्या पॅरालिंपिक संघाचेही ते पहिलेच पदक होते.

कोट्यवधी निर्वासितांपैकी ३७ जण खेळले, म्हणून त्या सर्वांचे दुःख सरले असे मात्र नव्हे. पदकाने युद्ध थांबत नाही, आणि बुडालेले घर वर येत नाही. या संघातील खेळाडूंनाही हे पुरते ठाऊक असते. त्यांना आपला देश परत मिळाला, किंवा आश्रय देणाऱ्या देशाने त्यांना आपले म्हटले, तर हा संघच उरणार नाही. आणि तो उरू नये, यातच त्याचे यश आहे. युस्राला २०२२ साली जर्मनीचे नागरिकत्व मिळाले. रिओच्या संघातील धावपटू यिएच बिएल हा तर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला. जेथे एके काळी निर्वासितांची विनंती फेटाळली गेली, तेथे आज त्यांच्यातलाच एक जण निर्णय घेण्यास बसतो.

जत्रेच्या फडात परगावचा अनोळखी मल्ल उतरतो, तेव्हा प्रथम त्याच्यासाठी कोणी आरोळी देत नाही. पण तो नेटाने झुंजला, एखादा अवघड डाव त्याने सफाईने टाकला, की कडे करून बसलेली तीच माणसे त्याला दाद देतात, आणि कोणी पुढे होऊन त्याच्या हातावर इनाम ठेवते. त्या क्षणी तो कोणत्या गावचा, हे कोणी विचारीत नाही.